भावाची गाडी कुणाच्या अंगणात सुटायची

ये बाई, अशी जवळ सरकून बस, आणि हे वाचताना मधेच उठू नकोस. परवा आलीस तेव्हा उठलीसच की. एक पाय उंबऱ्यात, एक बाहेर. "आत्या, मोटारीची येळ झाली," म्हणालीस, गुळाचा खडा तोंडात टाकलास, वर पाणी प्यालीस आणि निघालीस. तुझं बोचकं कुठं होतं ते मला ठाऊक नाही असं वाटलं का तुला? आक्काच्या ओसरीवर होतं. निजलीस तिथं, लेकराला न्हाऊ घातलंस तिथं, आणि माझ्या वाट्याला काय, तर गुळाचा खडा. असं करतात का गं?

तेही मी गिळलं असतं. पण औरंगाबादेला गेल्यावर उतारा कुठं घ्यावा, हाटेलात खोली करावी का धर्मशाळेत उतरावं का कुणाच्या ओळखीनं जावं, हे तू आक्काला विचारलंस. मला सगळं कळतं. आणि आक्कानं सांगितलं, "जिथलं पाणी गोड, तिथं उतर." झालं! एवढी अक्कल तर माझ्या शेळीलाही आहे. आक्कानं औरंगाबाद पाहिलेली नाही. मीही पाहिलेली नाही, ते सोड. पण माणूस वाटेत कुठं उतरतो आणि का उतरतो, यावर मी जेवढी जळलेय तेवढी या पंचक्रोशीत दुसरी बाई जळली नसेल. तीही तुझ्या बापापायी. म्हणून लिहिते. मी शाळेत गेलेली नाही, वाण्याच्या पुड्यांवरची अक्षरं जुळवत शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

तर ऐक. तुझ्या बापाची सासुरवाडी आष्टीची. वर्षातून एकदा तरी तो दिंद्रुडाहून गाडी जुंपून आष्टीला जायचा, कधी तुझ्या आईला पोचवायला, कधी आणायला. तेव्हा मोटारी कुठल्या? बैल चालतील तेवढी वाट आणि थकतील तिथं मुक्काम. त्यातला एक मुक्काम नेमका नेकनुरात पडायचा, जाताना आणि येतानाही. हाटेल हा शब्द आम्ही ऐकलेला नव्हता. मोठ्या वाटेवर सराई असायची, तिथं वाणी, फकीर, घोडेवाले सगळे एका छपराखाली. कुठं धर्मशाळा, तिथं ढेकूण. कुठं नुसता पिंपळाचा पार. पण ज्या गावात आपलं माणूस आहे तिथं सराईत उतरणं म्हणजे त्या माणसाचं नाक कापणं. आणि नेकनुरात तुझ्या बापाची एक सोडून दोन माणसं. थोरली बहीण आक्का आणि धाकटी मी, दोघी एकाच गावात दिलेल्या. भाऊ आमच्या दोघींपेक्षा लहान. आई लवकर गेली. त्याला आक्कानं कडेवर वागवलं, हे ती आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी त्याला पाळण्यात झोके दिले, ते कुणी विचारत नाही.

आक्काचं घर ओढ्याच्या कडेला. बुटकं, धाब्याचं, आणि घरापेक्षा गोठा मोठा. आमचं घर वेशीजवळ, माडीचं. आमचे हे तहसिलीत कारकून, उर्दू मोत्यासारखी लिहायचे. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेलं, त्यामुळं दावणीला बैल नाही. कचेरीला जायला एक तट्टू होतं तेवढं, ते बाहेर लिंबाखाली बांधलेलं असायचं.

माझं लग्न होऊन मी नांदायला आले त्या पहिल्या वर्षी भावाची गाडी माझ्या अंगणात सुटली. काय सांगू तुला! मी त्याच्या पायावर पाणी घातलं, बैलांच्या पायावर घातलं, एवढंच काय, गाडीच्या चाकावरही घातलं. आक्का बोलवायला आली तर भाऊ म्हणाला, "आक्का, आज ताईकडं ऱ्हातो, नवी हाय ती." आक्का माझ्याच घरी जेवली आणि सारखी म्हणत राहिली, मीठ जरा कमी झालंय. मीठ बरोबर होतं.

मग त्याच सालात आमच्या ह्यांच्या डोक्यात फरशी शिरली. बीडला साहेबांच्या बंगल्यात ह्यांनी शहाबादी फरशी पाहिली आणि ठरवून टाकलं, आपल्या अंगणात तीच. गाड्या भरून फरशी आली. निळसर करडी, तुकतुकीत. दाराच्या उंबऱ्यापासून मागच्या पडवीपर्यंत सगळं अंगण मढवलं. शेणसडा नको, धूळ नको. गाव बघायला लोटला. बायका दारात वहाणा काढून आत यायच्या, देवळात आल्यासारख्या. आक्का आली, दोन पावलं टाकली आणि म्हणाली, "पाय गार पडत्यात गं."

मी म्हटलं, जळते.

पुढच्या साली भाऊ यायच्या दिवशी मी सकाळपासून सगळं अंगण घासून धुतलं. दिवेलागणीला घुंगुरमाळ वाजली. त्याच्या बैलांची घुंगुरमाळ मी हजारात ओळखायची, एक घुंगरू फुटकं होतं तिच्यात. आवाज जवळ आला. दारापाशी जरासा थांबला. आणि पुढं गेला. पुढं गेला, ओढ्याच्या अंगानं उतरला आणि आक्काच्या गोठ्यात जाऊन बंद झाला. मी आतून तांब्या घेऊन दारात येईतो दार रिकामं.

पदर खोचून निघाले. भाऊ गोठ्यात घोंगडीवर पाय पसरून बसलेला, शेजारी दोन्ही बैल बसलेले, डोळे मिटून रवंथ करत.

"का रे भाऊ, रस्ता चुकला का?"

"न्हाई गं ताई. बैल लई दमलीत. हितंच सोडली."

"माझं घर अलीकडं आणि आक्काचं पलीकडं. दमलेले बैल पुढं चालत गेले व्हय?"

चुलीपाशी बसल्या बसल्या आक्काच बोलली, "उभ्यानं भांडायला आलीस का गं? बस की. भाकर खा."

"जेवून आलेय मी," म्हटलं. कसली जेवतेय! शेवया, तूप, गव्हाच्या पोळ्या तशाच झाकून ठेवल्या होत्या. आणि आक्काच्या चुलीवर काय, तर येसराची, भाजल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकर. भाऊ ती अशी ओरपत होता की जणू बादशहाच्या पंगतीला बसलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडं आला, पायी. दूध प्याला, सुपारी खाल्ली, ह्यांच्याशी चार शब्द बोलला आणि गेला. अगदी तू परवा आलीस तसा. बापाची लेक आहेस खरी!

मग मी काय काय केलं ते विचारू नकोस. नवी गादी भरून घेतली. लोड शिवला. ह्यांना हैदराबादेहून पानदान आणायला लावलं. निरोप धाडला, की या वेळी उतारा माझ्याकडंच, बंदोबस्त चोख ठेवलाय. आणि फरशी? ती तर मी आदल्या दिवसापासून धुवायला घेतली. रिठ्याच्या फेसानं घासली. एवढी की वरचं आभाळ तिच्यात दिसावं.

आला. गाडी दाराशी उभी केली. उतरून आत आला, फरशीकडं बघितलं. आमचे हे लागलीच पुढं, "कशी काय वाटली?" भाऊ म्हणाला, "झ्याक हाय दाजी. आमच्या मुलुखात असली कुठं बघितली न्हाई." ह्यांनी मग फरशी कुठून आणली, कशी आणली, साहेब काय म्हणाले, सगळी कहाणी त्याला ऐकवली. भाऊ उभ्या उभ्या ऐकत होता आणि मधून मधून दाराबाहेर बैलांकडं बघत होता. कहाणी संपली तसा म्हणाला, "येतो दाजी. बैलांला पेंड पायजे, आक्काकडं सरकीची पेंड हाय." आणि गेला.

पेंड! म्हणजे मी पेंडीपेक्षा हलकी.

विहिरीवर मी आक्काला धरलं. चार बायका पाणी भरत होत्या, तरी धरलं.

"आमटीत काय घालतीस गं तू?"

"येसर घालते. तू काय घालतीस, अत्तर?"

"भावाला काय खाऊ घालतीस की त्याला माझं दार दिसत न्हाई?"

"दार दिसतंय की. लई चमकतंय. डोळं दिपत असत्याल त्याचं."

बायका खुदुखुदु हसल्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "एका भावावर दोघी बहिणी, ह्याच्यापरीस सवती बऱ्या गं बाई!" मी घागर तशीच अर्धी घेऊन घरी आले. त्या दिवसापासून वाटेनं आक्का दिसली की मी बोळ बदलायची. तिच्याकडनं आलेलं हरभऱ्याचं डहाळं मी तट्टूला घातलं. लोक म्हणायचे, गिरदावर, तो तलाठ्यांवरचा अंमलदार, गावात आला की उतरतो ह्यांच्याकडं, कारकुनाच्या घरची इज्जत मोठी. मला वाटायचं, चुलीत जावो तुमचा गिरदावर. माझा पाठचा भाऊ माझ्या दारावरनं गाडी पुढं नेतो आणि सगळं गाव ती घुंगुरमाळ ऐकतं, त्याचं काय? सासूबाई बोलायच्या नाहीत. पण घुंगुरमाळ पुढं गेली की माझ्याकडं एकदा बघायच्या. ते बघणं मला बोलण्याहून लागायचं. माहेर म्हणून मला दुसरं कोण होतं? तो एक होता, आणि तो दुसरीकडं उतरत होता.

त्याच्या पुढच्या साली मी ठरवलं, आता निरोप नाही आणि गादी नाही. मी वेशीत जाऊन उभी राहिले. कारकुनाची बायको दिवसाढवळ्या वेशीत उभी. चावडीवरची माणसं माना वळवून बघायला लागली. बघा म्हटलं. गाडी आली तशी मी पुढं झाले आणि सरळ कासऱ्याला हात घातला.

"ताई, अगं काय करतीस? सोड."

"तू बस गप. आज गाडी मी हाकणार."

"ताई, ऐक माझं. येळ हाय अजून, आधी आक्काकडं बैल सोडतो, मग येतो तुझ्याकडं पायी."

"पायी यायला तू काय भिक्षा मागायला येतोस?"

आणि मी बैल ओढत नेले. दारापाशी ते थबकले. पुढचे पाय रोवून उभे. मी "हो, हो" करत जोर लावला. उजव्या अंगाच्या बैलानं एक खूर आत टाकला. मी सकाळीच धुतलेली फरशी ती. खूर जो सरकला तो जनावर गुडघ्यावर आलं, जू तिरकं झालं, दुसरा बैल बुजून मागं हटला आणि धुरा दाराच्या चौकटीवर आपटली. भाऊ गाडीतून उडीच मारून खाली आला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही, पांढरा पडला होता. मला बाजूला सारलं, जू मोकळं केलं, बैलाच्या गळ्याला मिठी मारून त्याला बाहेर काढला. मग खाली बसून त्याचा पाय वरपासून खालपर्यंत चाचपला. बैलाला फार लागलं नव्हतं, गुडघा खरचटला होता. पण थरथरत होता बिचारा.

"कळलं का आता?" भाऊ म्हणाला. रागानं नाही, रडवेला होऊन. "मागं बी हितंच घसरला हुता. फरशी टाकल्यावर पयल्यांदा आलो तवा. दारातनंच फिरवला. तवापासनं तुझं दार आलं की दोघंबी पाय आखडत्यात."

"मग बोलला न्हाईस कावून? तोंड नव्हतं तुला?"

"काय बोलू ताई? दाजींनी एवढ्या हौसेनं फरशी आणली. बहिणीच्या सासरी भावानं उणं काढावं व्हय? तुझी सासू काय म्हणली असती? की बघा, दिंद्रुडचा कुणबी आला आणि आमच्या घराला नाव ठिवून गेला. ते तुलाच ऐकावं लागलं असतं."

"मग बैल आक्काकडं बांधायचे आणि तू माझ्याकडं निजायचं!"

यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आमच्या बापाची लेकच नव्हे. "बैल एकीकडं आणि गाडीवान एकीकडं? कारकुनाच्या घरात राहून इसरलीस का गं सगळं?"

विसरले होते, खरंच. आमच्या बापानं कधी बैलांना सोडून डोळा मिटला नव्हता. वाटेत उतरायची जागा कशी बघायची, हे तो भावाला शिकवताना मी शेजारी बसून ऐकलेलं होतं. आधी एक बैल सोडायचा. तो हुंगून मान फिरवतो का, ते बघायचं. पाण्याला तोंड लावतो का, ते बघायचं. आणि शेवटी बसतो का, ते बघायचं. बैल उभाच राहिला तर देऊळ असो नाहीतर सराई असो, पुन्हा जुंपायचं आणि पुढं जायचं. बसला आणि रवंथ करायला लागला, की माणसानं आपली घोंगडी पसरायची. हे सगळं मला ठाऊक असून मी गाद्या भरत बसले होते आणि दर साली फरशी अजून गुळगुळीत करत होते. चौकटीला धुरा लागून टवका उडाला होता तो अजून आहे, येशील तेव्हा दाखवते.

मी तशीच आक्काकडं गेले. ती गोठ्यात शेण काढत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"काय गं?"

"बैल माझ्या फरशीला बुजतात ते."

तिनं शेणाचा हात झटकला. "व्हतं की."

"मग सांगितलं न्हाईस कावून?"

"सांगितलं असतं तर भाऊ तुझ्याकडं उतरला असता की," आक्का म्हणाली. जराही न लाजता म्हणाली. मग माझ्याकडं न बघता शेणात पुन्हा हात घातला आणि बोलत राहिली. "तुला माडी हाय. कचेरीतला नवरा हाय. साहेब लोक तुझ्या दारात घोडी बांधत्यात. माझ्या ह्या गोठ्यात कोण येतंय? वर्षातनं दोनदा भाऊ येतो. तेवढाबी तुलाच देऊ व्हय?"

मी आयुष्यभर समजत होते की जळणारी मी एकटीच. इतका राग आला म्हणून सांगू, आणि त्या रागातच मी तिथं खाली बसले आणि तिच्या हातची भाकर खाल्ली. आमटी चांगली होती. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, फरशी काढायची. हे म्हणाले, "डोकं फिरलं का? लोक हसतील." म्हटलं, लोक आता हसतच आहेत. ह्यांनी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. सासूबाईंनीच शेवटी तोड काढली. म्हणाल्या, "सगळी नको काढू. दारापासून पडवीपर्यंत बैल जाईल एवढी पट्टी काढ. पावण्याला पाय टेकायला जागा नसली तर घर कशाला म्हणायचं?" तेव्हा मला कळलं की घुंगुरमाळ पुढं गेल्यावर त्या माझ्याकडं कशासाठी बघायच्या; टोमणा नव्हता तो, कळवळा होता. पट्टी काढली. मुरूम घातला, त्यावर पांढरी माती, धुम्मसानं ठोकून घट्ट केली. चकाकत्या अंगणाच्या मधोमध मातीचा पट्टा. एखाद्या बाईनं भारी लुगड्याला गोणपाटाचं ठिगळ लावावं तसं दिसायचं.

पुढच्या साली घुंगुरमाळ वाजली. दारात थांबली. बैलांनी मान खाली घालून माती हुंगली. मी श्वास धरून उभी. एकानं खूर टाकला, मग दुसऱ्यानं. पडवीपर्यंत गेले. भावानं जू काढलं. बैल उभे राहिले, उभे राहिले, आणि मग आधी खरचटलेला बसला आणि मागोमाग दुसरा. भावानं माझ्याकडं बघितलं आणि घोंगडी पसरली. गादी तशीच गुंडाळलेली राहिली.

एवढ्यात दारात आक्का. डोक्यावर पेंडीचं टोपलं. "बैलांला माझ्याकडचीच पेंड लागती," म्हणाली, मला विचारल्याशिवाय आत आली, आणि बैलांच्या पुढ्यात स्वतः टोपलं ठेवून त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत बसली. माझ्या पडवीत! जेवायलाही थांबली. मीठ कमी झालंय म्हणाली.

पुढं असं ठरलं, की जाताना गाडी माझ्याकडं सुटायची आणि येताना आक्काकडं. त्यातही आक्का लबाड. येताना तो आला की म्हणायची, बैलाचा खूर दुखतोय, आणि एकाच्या जागी दोन मुक्काम ठेवून घ्यायची. वर उपटलेल्या फरशीतली एक माझ्याकडनं मागून नेली. त्या फरशीवर ती अजून धुणं धुते. परवा तुझ्या लेकराचं अंगडं तिथंच धुतलंस ना? ती फरशी माझी.

आता तुझं. तुम्ही मोटारीनं जाणारी माणसं, तुमच्याकडं बैल नाहीत. पण लेकरू आहे. औरंगाबादेला हाटेलवाला तुला आरसा दाखवेल, वेताच्या खुर्च्या दाखवेल, चकचकीत जमीन दाखवेल. दाखवू दे. तू काही बोलू नकोस. लेकराला खाली सोड. रांगतं का बघ, का तुझ्या लुगड्याला धरून रडतं. पाणी पितं का बघ, एवढं आक्काचं बरोबर आहे. आणि मांडीवरून उतरून अंग टाकलं तरच बोचकं सोड, नाहीतर धर्मशाळा बरी. नवऱ्याला लाज वाटेल, म्हणेल एकदा आत आल्यावर बाहेर कसं पडायचं. पडायचं. तुझा बाप भिडेपायी दोन सालं गप्प राहिला, आणि मी दोन सालं उगाच जळले.

तुझा बाप आता नाही. बैलही नाहीत. पण मातीचा पट्टा मी तसाच ठेवलाय, दर साली पांढरी माती टाकून चोपते. सूनबाई म्हणते, आता तरी फरशी पुरी करू. मी करू देत नाही. तुझं लेकरू त्या मातीवर अजून एकदाही बसलेलं नाही.

तेव्हा औरंगाबादेहून येताना मोटार वेशीत थांबते, तिथंच उतर. माझं घर अलीकडं आहे, आक्काचं पलीकडं. जेवायला जा हवं तर तिच्याकडं, मी नाही म्हणत नाही. पण बोचकं माझ्या पडवीत ठेव, लेकराला त्या पट्ट्यावर सोड, आणि लवकर ये गं बाई. आक्काला कळायच्या आत ये.